महाराज वारले कधी?

आष्टीच्या सार्वजनिक वाचनालयात मेघा ग्रंथपाल म्हणून लागली त्याला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत फाटकी पुस्तकं आली, उशिरा पुस्तकं आली, एकदा तर पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली वाळकी पोळीही आली. पण वकिलाची नोटीस कधी आली नव्हती. आली तीही अशा पुस्तकापायी, जे तिला स्वतःला काडीइतकं आवडत नव्हतं.

पुस्तकाचं नाव ‘गुप्तबीजावली’. लेखक सोनबा अवधूत. सन एकोणीसशे अडतीसची छापील पोथी, जाड ठशांची, कडेनं वाळवीनं कुरतडलेली. आत विंचू उतरवायचे मंत्र, दृष्ट काढायचे तोडगे, हरवलेलं जनावर कुठल्या दिशेला गेलं ते ओळखायची आकडेमोड, भुताला घरी परत पाठवायची विद्या, असा सगळा बाजार. जुनी आणि हक्कमुक्त झालेली पुस्तकं स्कॅन करून वाचनालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवायची, असं समितीनं ठरवलं होतं. पुस्तकांची यादी केली होती सचिव बबनरावांनी. बबनराव निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी अर्ध्या आष्टीला शिकवलं होतं, मेघालाही.

यादीतलं ते नाव वाचून मेघा त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली होती.

“सर, हे काऊन? माह्या प्रेमदास आजोबानं छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली, तवा घरातले सारे गंडेदोरे चुलीत घातले. आन् त्यांची नात हे मंत्र साऱ्या जगाले वाटून राह्यली असं होईन ना!”

“वाटू नको. ठेव फक्त,” बबनराव म्हणाले. “आपल्या लोकाले कशाचं भेव होतं, भेव वाटलं की ते काय करत, हे दुसऱ्या कोण्या पुस्तकात भेटते? मंत्र म्हणाचा का हसाचं, ते वाचणारा पाहीन. आन् शाप वाचला का पहिल्या पानावरचा?”

तिनं वाचला होता. ‘जो कोणी या पोथीची नक्कल करील त्याचा निर्वंश होऊन सात पिढ्या नरकात पडतील.’

“निर्वंश झाल्यावर सात पिढ्या येतीन कुठून?” बबनराव म्हणाले आणि स्वतःच गदगदा हसले. मेघालाही हसू आलं, आणि पुस्तक स्कॅन झालं.

तीन महिन्यांनी ती नोटीस आली. पाठवणारे अॅडव्होकेट अश्विन, पिपरी मेघे, वर्धा. त्यांचं अशील म्हणजे बोरदऱ्याचं श्री सोनबा अवधूत संस्थान. आष्टीहून तासाभरावर डोंगराच्या कुशीत हे संस्थान आहे. दरवर्षी चैत्रात तिथं मोठा उत्सव भरतो, आणि ‘गुप्तबीजावली’ची रंगीत मुखपृष्ठाची आवृत्ती संस्थानच छापतं. मेघानं नोटीस मोठ्यानं वाचायला घेतली. बबनराव चहा पीत ऐकत होते.

“‘लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे ग्रंथाचा हक्क अबाधित राहतो, हे आपणांस विदित असेलच. तथापि श्री सोनबा अवधूत महाराज यांचा मृत्यू झालेला नसून ते शके अठराशे त्र्याऐंशीमध्ये बोरदरा येथील झऱ्यात अंतर्धान पावलेले आहेत. सबब साठ वर्षांची मुदत अद्याप सुरूच झालेली नाही.’”

बबनरावांच्या नाकातोंडात चहा गेला. ठसका ओसरायला पाच मिनिटं लागली.

“मेघा, म्हणजे महाराज अमर, आन् कॉपीराइट बी अमर!”

पण समितीतल्या बाकीच्यांना हसू आलं नाही. एकानं म्हटलं, संस्थानाशी कशाला वाकडं घ्या. दुसरा म्हणाला, एवढं एक पुस्तक काढून टाका, कोणाचं काय जाते? बैठकीत सगळे मेघाकडे पाहू लागले. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं ऐकून तीच चकित झाली.

“नाई काढणार. पुस्तक मले आवडते का नाई, हा प्रश्नच नाई. साठ वर्षं झाली असतीन त ते साऱ्याईचं आहे. नसतीन झाली त मीच काढतो आन् माफीही मागतो. पण झाली का नाई, हे पाहाले त पायजे.”

अश्विन वकील बाजाराच्या दिवशी स्वतःच आला. मेघानं डोळ्यांपुढे कोणी आडदांड गृहस्थ आणला होता. आला तो तिशीतला, चष्मा लावलेला, बाजारातून घेतलेली संत्र्यांची पिशवी हातात घेऊन अवघडलेला मुलगा. त्यानं आधी पोथीचं मूळ पुस्तक पाहायला मागितलं. हातात घेताना त्यानं ते नकळत कपाळाला लावलं.

“आमच्या घरी देव्हाऱ्यात असते,” तो थोडा लाजून म्हणाला. “आजी विंचवाचा मंत्र म्हणायची.”

“उतरे का विंचू?” मेघानं विचारलं.

“दोन-तीन तासांनी उतरे.”

“तो मंत्र न म्हणताही उतरते.”

“ते मलेही माहीत आहे, मॅडम,” तो हसला. मग वकिली आवाज काढून म्हणाला, “पण मृत्यूची नोंद कुठंच नाही. तुम्ही म्हणाल, सात वर्षं ज्याची खबरबात नाही तो मेला असं कायदा धरतो. धरा. पण मेला कधी? एकसष्ट साली? की नव्वद साली? तारीख नाही, तर साठ वर्षं मोजायची कुठून?”

बबनराव टेबलाशी बसून ऐकत होते. त्यांनी चष्मा पुसला.

“वकीलसाहेब, महाराज जिते असतीन त हक्क महाराजांचा. मेले असतीन त त्यांच्या वारसाचा. याच्यात संस्थान कुठी बसते? महाराजांनी काही लिहून देल्लं आहे का?”

अश्विननं संत्र्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “ते… ते पाहावं लागेल,” तो म्हणाला, आणि जाताना चार संत्री टेबलावर ठेवून गेला.

तो गेल्यावर मेघानं ते जुनं पुस्तक पुन्हा उघडलं. मुखपृष्ठाच्या आत फिकट जांभळ्या शाईचा शिक्का होता, ‘लेखकाकडून वाचनालयास सप्रेम भेट’. याआधी तिनं तो शंभरदा पाहिला असेल. आज पहिल्यांदा तिच्या डोक्यात आलं, की भेट देणारा माणूस वाचनालयात येत असणार. येत होता, म्हणजे कदाचित सभासदही असेल.

माळ्यावर सभासदांच्या जुन्या नोंदवह्यांचं गाठोडं होतं. तिनं नाकाला ओढणी बांधली आणि शिडी लावली. पहिल्या दिवशी काहीच सापडलं नाही, कारण ती ‘अवधूत’ शोधत होती. दुसऱ्या दिवशी तिनं नुसते ‘सोनबा’ शोधले. तिसऱ्या वहीत एकच सोनबा निघाला.

‘सोनबा बकाराम ढोले. व्यवसाय : कंपाउंडर, सरकारी दवाखाना, आष्टी.’

त्यापुढे त्यांनी नेलेल्या पुस्तकांची यादी होती. शरीरशास्त्र, प्रथमोपचार, गुरांचे रोग, पुन्हा प्रथमोपचार. भुताखेतांचं एकही पुस्तक नव्हतं. आणि सर्वांत शेवटी, वेगळ्या हस्ताक्षरात, ‘सभासद मयत. बाकी असलेली दोन पुस्तके मुलगी सौ. लीला मोतीलाल बोबडे, वर्धा, यांनी आणून दिली. १४ सप्टेंबर १९६१.’

मेघा शिडीवरच बसली. शके अठराशे त्र्याऐंशी म्हणजे एकसष्टच साल. एवढा मोठा अवधूत, त्याचे भक्त म्हणतात तो झऱ्यात विरून गेला, आणि त्याची लेक वर्ध्याहून आष्टीला येऊन बापाची बाकी राहिलेली दोन पुस्तकं परत करून जाते. ही बाई कोण असेल?

बबनरावांनी निवृत्त शिक्षकांच्या गटावर मोबाइलवरून विचारणा केली. या गटावर रोज सकाळी सुविचार आणि फुलांची चित्रं येत. शोधाचं काम मिळाल्यावर सगळे मास्तर पोलिसांसारखे कामाला लागले. दोन दिवसांत फोन आला. मोतीलाल बोबडे वारले होते. पण त्यांची नात वर्षाली सेवाग्रामच्या दवाखान्यात परिचारिका होती, पिपरी मेघ्यात राहत होती, आणि आजी लीलाबाई तिच्यापाशीच होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. तब्येत ठणठणीत. कान तर तरण्यापेक्षा तिखट.

मेघानं अश्विनला फोन लावला. “वकीलसाहेब, तुमच्या महाराजांची मुलगी भेटली. तुमच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहते.”

मग तो म्हणाला, “मी पण येऊ का?”

रविवारी दुपारी तिघं पिपरी मेघ्यात पोचली. वर्षालीनं दार उघडलं. ओसरीत खुर्चीवर एक बारीक, गोरटेली म्हातारी मेथी निवडत बसली होती. बबनरावांनी नमस्कार करून येण्याचं कारण सांगितलं. लीलाबाईंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“म्हन्जे तुमाले विचाराचं हाय, का माहा बाप मेला का नाई?”

अश्विननं मान खाली घातली.

“मेला ना,” लीलाबाई शांतपणे म्हणाल्या. “माह्याच घरी मेला. इथीच वर्ध्यात, बोरगावच्या रस्त्यावर रायत होतो तवा. छाती भरली होती त्याची, वर्ध्याले डागदराले दाखवाले आन्लं होतं. सकाळचा चहा प्याला, मले म्हने, साखर कमी पडली लीले. मी साखर आनाले आत गेली, भायेर आली त…” त्यांनी मेथीची एक काडी मोडली. “चार सप्टेंबर. सोमवार होता.”

“मग ते झऱ्याचं?” अश्विननं हळूच विचारलं.

“ते बोरदऱ्याचे लोक आले होते ना दुसऱ्या दिवशी. भले लोक. रडून राह्यले होते बिचारे. म्हने, बाई, महाराज मेले असं गावात सांगू नोका, लोक खचून जातीन, महाराज झऱ्यात गेले असं आमी सांगतो. माहा नवरा तापला. मी म्हनलं, जाऊ द्या. आपला बाप जिता हाय असं कोनी म्हनत असन, त त्याच्यात आपल्याले वाईट वाटाचं काय हाय?”

वर्षाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं हे आजवर ऐकलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

मेघानं जरा धीर करून विचारलं, “आजी, वाचनालयाच्या वहीत त ते कंपाउंडर आहेत. मग हे मंत्र?”

लीलाबाई एवढ्या जोरात हसल्या, की मांडीवरची मेथी सांडली.

“मंत्र! अवं माय, लोक औषध घेतच नोयते ना! बाप पुड्या बांधे, लोक भगताकडे जात. मग त्यानं डोकं लावलं. विंचवाचा मंत्र वाचला का तू? तीनशेदा म्हनाचा, आन् दर खेपेले जखमेवर गार पान्याची घडी बदलाची. म्हन्जे घडी तीनशेदा बदलते. वांत्या-जुलाबाचा मंत्र मीठ-साखरेच्या पान्याच्या एकेका घोटावर म्हनाचा. आन् गाडीचा मंत्र त माहाच आवडता. तो मी लहानपनी म्हनत फिरो.”

“गाडीचा मंत्र कोणता?” अश्विननं विचारलं. त्यानं संस्थानची रंगीत आवृत्ती सोबत आणली होती, ती तो चाळू लागला.

“साप चावल्याचा.” लीलाबाईंनी डोळे मिटले आणि लहान मुलीच्या चालीत म्हटलं,

“चाल चाल रे ढवळ्या, वाट नको मोडू,
दवाखाना दिसेपर्यंत जू नको सोडू.

आन् खाली लिवलं हाय, हा मंत्र चालत्या गाडीतच फळते. गाडी उभी करून म्हनला त उलटते. सारा गाव माह्या बापाले मोठा मांत्रिक समजे. चावलेल्या मानसाले गाडीत घालत, मंत्र म्हनत म्हनत सिध्धे दवाखान्यात आनून टाकत. दारात बाप उभाच राहे!”

बबनराव मांडीवर थाप मारून हसले. मेघाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. हा माणूस तिला चार दिवसांपूर्वी भुताखेतांचा व्यापारी वाटला होता.

अश्विन मात्र हसत नव्हता. त्याची बोटं पानांवर थांबली होती. “आजी, आमच्या पुस्तकात साप चावल्याचा मंत्र आहे. पण हा नाही. यात फक्त ‘एकशे आठ वेळा म्हणावा’ एवढंच आहे. गाडी नाही. दवाखानाही नाही.”

मेघानं मोबाइलवर वाचनालयाची प्रत उघडून त्याच्यापुढे धरली. जुन्या पुस्तकात बेचाळिसाव्या पानावर ढवळ्या होता, गाडी होती, चालती राहण्याची ताकीदही होती. पुढे त्यांनी पानामागून पान ताडून पाहिलं. कोणत्या तरी आवृत्तीच्या वेळी कोणीतरी पुस्तक आटोपशीर करायला बसलं होतं, आणि मीठ, साखर, पाण्याच्या घड्या, दवाखाने असल्या ‘साध्या’ ओळी काढून टाकून नुसते मंत्र ठेवले होते.

“कोनी मुद्दाम नसन केलं,” लीलाबाई म्हणाल्या. “त्याले वाटलं असन, देवाच्या पोथीत साखर कायले?”

अश्विन उठला. त्यानं लीलाबाईंच्या पायांना हात लावला. “आजी, मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज मी करतो. तुम्ही सही देजा.”

दाखला निघायला तीन आठवडे लागले. वर्ध्याच्या नगर परिषदेच्या जुन्या वहीत नोंद होतीच, फक्त खऱ्या नावानं. सोनबा बकाराम ढोले, वय सत्तावन्न, चार सप्टेंबर एकोणीसशे एकसष्ट. पुढच्या वर्षाच्या एक जानेवारीपासून साठ वर्षं मोजली, की दोन हजार एकवीसच्या शेवटी मुदत संपत होती. अश्विननंच हिशेब कागदावर मांडून संस्थानच्या अध्यक्षांपुढे, म्हणजे अण्णाजींपुढे, ठेवला. अण्णाजी पंचाहत्तरीचे, भाबडे आणि तापट. ते काय म्हणतात याची धास्ती घेऊन मेघा दोन दिवस फोनकडे पाहत होती.

फोन आला तो दुपारी, वाचनालयात गर्दी असताना.

“मॅडम, नोटीस मागं घेतली,” अश्विन म्हणाला. “अण्णाजी पहिले लय तापले. मग मी त्यांना बेचाळिसावं पान वाचून दाखवलं. त्यांचा लहान भाऊ साप चावून गेला होता. झऱ्यावर बसून एकशे आठ वेळा मंत्र म्हटला होता त्यांनी.”

मेघानं पुस्तक बदलायला आलेल्या मुलाला हातानंच थांबवलं.

“दिवसभर जेवले नाहीत. आज सकाळी म्हणाले, नवी आवृत्ती काढाची, जुन्या पुस्तकाबरहुकूम, एक ओळ न गाळता. आता त्यांनी मले विचारायला सांगितलं आहे…” तो घुटमळला. “तुमची स्कॅन केलेली प्रत आम्ही वापरली तर चालेल का? तुमची परवानगी लागते का?”

“वकीलसाहेब,” मेघा म्हणाली, “तुम्हीच विचारता?”

दोघं इतक्या मोठ्यानं हसली, की वर्तमानपत्र वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

नवी आवृत्ती चैत्राच्या उत्सवात निघाली. अण्णाजींनी लीलाबाईंना आणायला खास गाडी पाठवली. मंडपात झऱ्यात विरणाऱ्या महाराजांचं चित्र जसंच्या तसं होतं. ते कोणी काढलं नाही, आणि लीलाबाईंनीही त्यावर हरकत घेतली नाही. फक्त पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाचं पूर्ण नाव, कंपाउंडरचा हुद्दा आणि जन्ममृत्यूची सालं छापली होती. लीलाबाईंनी ते पान पुन्हा पुन्हा बोटानं चाचपलं.

“पोरी,” त्या मेघाला म्हणाल्या, “चौसष्ट वर्षं झाली, पन मी माह्या बापाचं श्राद्ध मोकळेपनानं केलं नाई. यंदा करतो. तुमी समदे जेवाले येजा.”

जेवायला सगळे गेले. बबनराव, मेघा, अश्विन, खुद्द अण्णाजीही. पुरणपोळ्या झाल्या, वडाभात झाला. पानं उचलल्यावर लीलाबाईंनी वर्षालीला खोलीतून एक लोखंडी पेटी आणायला लावली. तिच्यात वरवंट्याएवढी जाड, हातानं लिहिलेली वही होती. बाळंतिणीचे मंत्र. सोनबांनी शेवटच्या वर्षांत लिहिलेले. छापायचे राहून गेलेले.

मेघानं पहिलंच पान वाचलं. ‘सुईणीने हा मंत्र नखे कापून, हात साबणाने धूत म्हणावा, हात कोरडा झाल्यास मंत्र विझतो.’

“हे कुठंच छापलेलं नाई?” तिनं विचारलं.

“कुठीच नाई.”

अश्विननं चष्मा सावरला. पोट भरलेलं असूनही त्याच्यातला वकील जागा झाला. “मग हे वेगळं प्रकरण आहे. लेखकाच्या मागं पहिल्यांदा छापलं, तर साठ वर्षं छापल्या तारखेपासून मोजायची. आणि हक्क वारसाचा. म्हणजे आजी, तुमचा.”

“साठ वर्षं?” लीलाबाईंनी बोटं मोडून पाहिली. “तवा मी दीडशेची होईन रे बाप्पा! थांबाले कोनाले वेळ हाय? घे वं मेघा, घेऊन जाय. कागद कराचा असन त या पोराले सांग, मी सही करतो. साऱ्याईले वाचू दे.”

अश्विन कागद शोधायला उठला, आणि अण्णाजींनी स्वतःच्या खिशातला पेन काढून त्याच्यापुढे धरला.